गेरसोप्प्याला कोण कोण जाणार

अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, गेरसोप्प्याचं जुनं नगर दाखवायचं, हे आमच्या घरात इतक्यांदा ठरलं होतं की ठरवायची आम्हाला सवयच जडली होती, दाखवायचं तेवढं राहून गेलं होतं. एकदा महापूर आला आणि मी शिरोळात पाण्यात अडकले. एकदा आण्णाच्या कागलच्या कारखान्यात साहेबलोकांची तपासणी निघाली. एकदा तर बॅगा जिन्याखाली येऊन पडल्या होत्या आणि अप्पांनी गूळबाजारातल्या कुणाच्या तरी नातवाच्या बारशाला शब्द दिला. आम्हा पट्टणशेट्ट्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, फक्त तो बाहेरच्याला दिलेला असावा लागतो. घरातल्यांना दिलेला आम्ही पाटीवर लिहितो.

या खेपेला निकड डॉक्टरांनी आणली. अव्वाच्या डोळ्यांत काचबिंदू. कडेकडेनं दिसायचं कमी होत चाललंय आणि गेलेली नजर परत येत नाही. "जे बघायचंय ते याच वर्षी बघून घ्या, महादेवीबाई," डॉक्टर म्हणाले. घरी येईपर्यंत रिक्षात कुणी बोललं नाही, आणि आमच्या घरातली माणसं बोलत नाहीत म्हणजे खरंच काहीतरी झालेलं असतं.

म्हणून आम्ही कर्नाटकात होन्नावरला समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर गेलो. आमचे वडील अप्पा, अव्वा, माझा थोरला भाऊ आदर्श, ज्याला मी आण्णा म्हणते, कालिंदीवहिनी आणि मी. माझे मालक शिरोळातच राहिले, कारण निघायच्या आदल्या दिवशी ऊसतोडीची टोळी आली. टोळी दारात आली की आमच्या भागातला माणूस एक वेळ बायकोला सोडतो, टोळीला सोडत नाही.

आता कुणाच्या मनात काय चाललं होतं तेही मी सांगणार आहे, तर तुम्ही म्हणाल, हिला कसं कळलं? आमच्यात मनात ठेवायची पद्धत नाही. ज्यानं त्यानं जे मनात आणलं ते परतीच्या वाटेवर अंकोल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

शनिवारची संध्याकाळ होती. व्हरांड्यात खुर्च्या गोल मांडून आम्ही उद्याचं ठरवायला बसलो. उद्याचा एकच दिवस हातात होता. परवा सकाळी आण्णाला कागलला हजर व्हायचं होतं.

"सकाळी सातला निघायचं," वहिनी म्हणाली. वहिनी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. माहेरी तालीम, फुटबॉल आणि मटण, सासरी लिंगपूजा आणि वरणभात. त्यामुळं हुकूम सोडायची तिची हौस फार दिवस दबून राहिलेली असते. "सात म्हणजे सात. मागनं कुणी आंघोळीला जायचं न्हाय."

"गेरसोप्पा काय पळून जातंय व्हय?" अप्पा म्हणाले. "एवढं लांब आलोय तर आधी मुर्डेश्वर करू. शिवाच्या दारात येऊन दर्शन न्हाय म्हंजे काय?"

"मग जोगचा धबधबापण करू," आण्णा म्हणाला. "त्याच रस्त्याला पुढं आहे."

"या दिवसांत जोगला पाणी कुठलं?" मी म्हटलं.

"पाणी नसलं म्हणून काय झालं? जागा बघायची की."

"आणि येताना बाजार," वहिनी म्हणाली. "काजू आणि कोकम." काजू आणि कोकम यांच्या मागं सुरमई दडलेली होती हे मला आणि आण्णाला माहीत होतं. आदल्या दिवशी दोघं नवराबायको 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून गेली होती आणि दात कोरत परत आली होती. मला बोलायची सोय नव्हती, कारण त्यांनी मला तळलेली तुकडी कागदात बांधून आणली होती.

"अव्वाला विचारा की," मी म्हटलं.

अव्वा समुद्राकडं तोंड करून बसली होती. हल्ली तिला बाजूचं बघायचं झालं तर सगळी मान वळवावी लागते. तिनं मान वळवली. "मला गेरसोप्पा बघायचंय," ती म्हणाली. "बाकीचं तुम्ही ठरवा."

आम्ही दुसरं वाक्य तेवढं उचललं. अर्ध्या तासात बेत असा तयार झाला की सकाळी मुर्डेश्वर, दुपारी कोरडा जोग, संध्याकाळी काजू, आणि मधे वाटेत पाय मोकळे करायला गेरसोप्पा. ज्या रिकाम्या नगरात कधीकाळी काळ्या मिरीचा व्यापार चालायचा, जिथली राणी पोर्तुगिजांना पुरून उरली, जिथलं चार दारांचं दगडी देऊळ अजून रानात उभं आहे, ज्यासाठी आम्ही कोल्हापूरहून आलो होतो, त्याला आम्ही लघवीच्या थांब्याएवढा वेळ दिला होता.

मग वहिनीनं गाडीत कोण कुठं बसायचं ते काढलं आणि घोटाळा बाहेर पडायला लागला.

"अव्वा पुढं. मधे आम्ही. अप्पा…"

"मधली शीट स्वामींना लागंल," अप्पा म्हणाले.

"कुठले स्वामी?"

"रुद्रय्या स्वामी. गदगचे. सकाळी वाळूत फिरताना भेटले. जंगम हायत, सोबत बायको हाय. म्या म्हटलं, चला की आमच्यासंगट. तर हो म्हणाले."

"हो म्हणाले?"

"लगेच हो म्हणाले," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तेव्हाही थोडं नवल होतं.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. कोल्हापुरात 'चला की' हा नमस्काराचा प्रकार आहे. आपण म्हणायचं, चला की. समोरच्यानं म्हणायचं, नको नको, आता कशाला. आपण म्हणायचं, आसं कसं, चलाच. त्यानं परत नको म्हणायचं. दोघांचाही मान राहतो आणि कुणालाही कुठं जावं लागत नाही. पहिल्या हाकेला 'येतो' म्हणणारा माणूस आम्ही पिढ्यान् पिढ्या बघितलेला नाही. समुद्रकाठी तसली माणसं राहायला येतात याची आम्हाला कल्पना नव्हती.

"जंगमांना आता नाही कसं म्हणायचं? आपले गुरू ते," आण्णा म्हणाला. तो इतका समजूतदार झाला तेव्हाच मला संशय आला. "तसं मीपण… नाश्त्याला ते नृसिंहसाहेब होते ना, पुण्याचे. त्यांची मोठी कंपनी आहे. बोलता बोलता म्हटलं, चला की. तर त्यांच्या मिसेसनी गाडीचा नंबरसुद्धा विचारून घेतला."

"ऑर्डरसाठी," वहिनी म्हणाली.

"ओळख म्हणून."

"ओळख म्हणूनच ऑर्डर मिळती. तुमच्या दोघांना म्हणजे अक्कल नावाची गोष्ट…" वहिनी थांबली. ती सहसा वाक्य अर्धं सोडत नाही. मग म्हणाली, "मी आपलं त्या नव्या जोडप्याला म्हटलं. धवल आणि ती. सांगलीची पोरं. ती पोरगी एकटीच बसली होती हो, हातावरची मेंदी बघत."

"एकटी कशी असंल? नवरा होता न्हवं?" अप्पांनी विचारलं.

"नवरा होता म्हणूनच एकटी होती."

ड्रायव्हर पृथ्वीराजला हाक मारली. तो गाडी पुसत होता. "डायवर सोडून आठ," तो म्हणाला. "त्याच्यावर येक बी न्हाय. गाडी माझी हाय, पण रस्ता कर्नाटकाचा हाय. नाक्यावर उतरवत्यात." दुसरी गाडी मिळते का म्हणून मॅनेजरनं चारी दिशांना फोन लावले. लग्नसराई, गाड्या सगळ्या वरातीत गेलेल्या.

मग आम्ही एकमेकांचे पाहुणे रद्द करायला लागलो. अप्पा म्हणाले, पुणेकरांना नको म्हण. आण्णा म्हणाला, आधी स्वामींना म्हणा. वहिनी म्हणाली, नव्या पोरीचं मन मोडलं तर पाप लागतं. प्रत्येकाला दुसऱ्याचा पाहुणा जड झाला होता आणि स्वतःचा देवासारखा वाटत होता. मी मधे पडून सगळ्यांना खडे बोल सुनावत होते. माझीही एक गोष्ट राहिली होती, पण ती सांगायला ती वेळ बरी नव्हती.

"मी राहते की," अव्वा म्हणाली.

यावर 'छे छे, असं कसं, तुझ्यासाठीच तर आलोय' म्हणायचं असतं हे कुणालाही कळतं. पावण्याला आम्ही हे झोपेतसुद्धा म्हणतो. पण खरं सांगते, त्या क्षणी आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. एक जागा सुटली होती. अप्पांनी किचनकडं बघून चहा सांगितला.

"मग अव्वांना सोबत म्हणून मी राहते," वहिनी म्हणाली. एवढं झाल्यावर मला लाजेकाजेस्तव म्हणावं लागलं, "मीपण."

आण्णानं बोटांवर हिशेब केला. "जुळलं," तो म्हणाला.

जुळलं ते असं की ज्यांना पडक्या दगडांचं काडीचं वेड नव्हतं ते दोघं पुरुष यजमान म्हणून जाणार होते, आणि जिच्या डोळ्यांसाठी हा खटाटोप मांडला ती खोलीवर बसणार होती. चहा आला. आम्ही प्यायलो.

अव्वाच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम अप्पांकडं आहे. जेवायच्या आधी ती पलंगावर उताणी पडते, अप्पा चष्मा कपाळावर चढवून बाटली धरतात आणि तिला म्हणतात, हलू नको, जसं काही तीच हलते. त्या संध्याकाळी थेंब पडले आणि अव्वा डोळे मिटून तशीच पडून राहिली.

"चहा चांगला होता?" तिनं विचारलं.

"कुठला?"

"मी राहते म्हटलं आणि थांबले. वाटलं, कुणीतरी नको म्हणेल. तुम्ही चहा मागवलात."

"म्या आपलं… इषय बदलावा म्हणून."

"बदलला की."

अप्पा बाटलीचं टोपण लावत राहिले. गूळबाजारात त्यांचा आवाज चार अडतींपलीकडं जायचा. घरात बायकोशी हळू आवाजात काय बोलतात, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

"रागावलीस?"

"रागवायला उद्याचा दिवस आहे. इथंच तर असणार मी." अव्वानं डोळे मिटलेलेच ठेवले. "शाळेत शनिवारचा शेवटचा तास असायचा ना, त्या तासाला मी पोरींना ती राणी सांगायची. चेन्नभैरादेवी. पुस्तकात नव्हती. पण पोरी घरी जायच्या घाईत असायच्या, तरी गप्प बसायच्या. एक पोरगी दरवेळी विचारायची, बाई, तुम्ही बघितलंय का ते? मी म्हणायची, पुढच्या सुट्टीत जाणार आहे."

"मग?"

"मग काय? ती पोरगी आता आजी झाली असेल."

"मला कधी सांगितली न्हाईस ही राणी."

"सांगितली. लग्नाच्या पहिल्या वर्षी. तुम्हाला मधेच फोन आला आणि तुम्ही उठून गेलात. नंतर विचारलं नाही."

अप्पा जेवायला आले तेव्हा एकच भाकरी खाल्ली. अप्पांनी एक भाकरी खाणं म्हणजे दुसऱ्या माणसानं तीन दिवस उपास करण्यासारखं आहे. वहिनीनं विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, गुडघा.

सकाळी सातला नाही, पण साडेसातला सगळे दारात उभे होते. रुद्रय्या स्वामी कपाळभर विभूती लावून, बायकोच्या हातात फळांची पिशवी. नृसिंहसाहेब टोपी, पाण्याची बाटली आणि दुर्बीण घेऊन. धवल आणि त्याची नवी नवरी एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. आमच्यापेक्षा पाहुण्यांची तयारी जास्त होती.

अप्पा आण्णाला बाजूला घेऊन म्हणाले, "माझा गुडघा लई दुखतोय. माझ्या जागी तुझ्या आईला ने."

आण्णाला बरं वाटलं. रात्रभर त्याला झोप नव्हती, म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणं नव्हती, वहिनीच्या म्हणण्याप्रमाणं तो घोरत होता. पण आई जातेय आणि आपण सोबत आहोत, म्हणजे ऑर्डरही झाली आणि पुण्यही झालं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं अव्वाला हाक मारली. अव्वा खोलीतून बाहेर आली ती पायात बूट घालूनच आली. तिनं ते कधी घातले आणि का घातले, हे आम्ही विचारलं नाही.

तेवढ्यात किचनच्या बाजूनं झुंबरबाई आल्या.

झुंबरबाई म्हणजे माझी राहिलेली गोष्ट. त्या मूळच्या आजऱ्याच्या, रिसॉर्टच्या किचनमध्ये भाकऱ्या थापतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तव्यावरची गरम भाकरी वाढली आणि म्हणाल्या, इतकी वर्षं इथं हाय, पण त्या गेरसोप्प्याला काय अजून जाणं झालं न्हाय बघ. मी तोंड भाजत म्हटलं होतं, चला की. आता त्या इरकल नेसून, केसांत अबोली माळून, मॅनेजरकडून सुट्टी घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या.

"येऊ नव्हं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. काल मी सगळ्यांना अकलेवर जे भाषण दिलं होतं त्यातला शब्द न् शब्द मला आठवला.

"या की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता एकच जागा होती आणि तीत आण्णा बसायचा होता. आण्णानं नृसिंहसाहेबांकडं बघितलं. ते दुर्बिणीची काच पुसत होते. त्यानं झुंबरबाईंच्या अबोलीकडं बघितलं. मग अव्वाकडं बघितलं. अव्वा पायऱ्या उतरत होती, एकेक पायरी मान खाली घालून नीट बघून.

"माझं पोट जरा बरोबर नाही," आण्णा म्हणाला. हे सुरमईमुळं अर्धं खरंही होतं.

"मग अव्वांसोबत आपल्यातलं कोणच न्हाय की," वहिनी माझ्या कानात म्हणाली. मग मोठ्यानं, "अव्वा, एकट्या कशा जाल? सगळे अनोळखी."

"अनोळखी कशानं?" अव्वा पुढच्या सीटवर चढून बसली. "तुम्हीच बोलावलंय ना सगळ्यांना?"

"दुपारी फोन करा," वहिनी म्हणाली.

"बघू," अव्वा म्हणाली. मग पृथ्वीराजला, "मुर्डेश्वर नाही, जोग नाही. सरळ गेरसोप्पा."

"व्हय, बाई," पृथ्वीराज म्हणाला. आम्हाला त्यानं एवढ्या झटपट कधी व्हय म्हटलं नव्हतं.

गाडी फाटकातून बाहेर गेली. आम्ही चौघं हात हलवत राहिलो. आतून फक्त नव्या नवरीनं हलवला.

दिवसभर आम्ही काय केलं ते सांगण्यासारखं नाही. सकाळी भांडलो. स्वामींपासून सुरुवात झाली का पुणेकरांपासून, यावर दुपार गेली. वहिनीनं तीनदा फोन केला, तिन्ही वेळा रेंज नव्हती. चार वाजायच्या सुमाराला आण्णा अचानक म्हणाला, "त्या राणीचं नाव काय गं?" मी म्हटलं, मला नाही माहीत. मी अव्वाच्याच शाळेत शिकले. अप्पा म्हणाले, "चेन्नभैरादेवी," आणि इतके खूश झाले की आम्हाला त्यांचा राग आला.

ऊन उतरायच्या आत गाडी परत आली. आधी आवाज आला. गाडीतले सगळे एकदम बोलत होते, कानडी, मराठी, पुणेरी. दारं उघडली. नृसिंहसाहेबांच्या गळ्यात दुर्बिणीबरोबर अव्वाची पर्स होती. रुद्रय्या स्वामी कानडीत काहीतरी विचारत होते आणि झुंबरबाई त्यांना 'आसं न्हाय, बाईंनी काय सांगितलं?' म्हणून दुरुस्त करत होत्या. नव्या नवरीनं अव्वाचा डावा दंड धरला होता. डाव्या बाजूनं अव्वाला कमी दिसतं. हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणी अव्वाला त्या बाजूनं कधी धरलंही नव्हतं.

"अव्वा, कसं होतं?" आण्णा पुढं झाला. "काय काय बघितलंस? सांग की."

अव्वाचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. तिनं घशाला हात लावला आणि फुटक्या आवाजात म्हणाली, "बोलून बोलून घसा बसलाय रे. धवलला विचार. त्याला सगळं सांगितलंय." आणि ती खोलीकडं गेली. अप्पा थेंबांची बाटली शोधत तिच्या मागनं गेले, अर्ध्या वाटेतून परत आले आणि आमच्यात येऊन बसले. त्यांनाही ऐकायचं होतं.

म्हणून आमच्या आईनं काय बघितलं हे आम्हाला सांगलीच्या एका पोरानं सांगितलं. त्यानं सांगितलं की देवळाला चारी दिशांना दारं आहेत आणि मधल्या मूर्तींची तोंडंही चारी दिशांना आहेत. बाई प्रत्येक दारात उभ्या राहिल्या, प्रत्येक दारातून बाहेरचं रान बराच वेळ बघितलं. मग पायरीवर बसून त्यांनी राणी सांगितली. मिरीची पोती कशी होड्यांतून जायची, पोर्तुगीज तिला किती मानायचे आणि किती घाबरायचे. झुंबरबाई रडल्या. नृसिंहसाहेबांच्या मिसेसनी सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. दुपारी जेवायचं भान कुणाला राहिलं नाही.

"आमच्या लग्नाला एवढी माणसं आली होती," नवी नवरी म्हणाली, "पण एवढं गप्प बसून मी पहिल्यांदाच कुणाचं ऐकलं."

अप्पा मान खाली घालून ऐकत होते. आण्णा नखं कुरतडत होता. शेवटी वहिनीला राहवलं नाही.

"आणि आमच्याबद्दल काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. "रागावल्या असतील ना आमच्यावर?"

धवल गोंधळला. त्यानं बायकोकडं बघितलं. तीही आठवून बघायला लागली.

"नाही हो, काकू," धवल म्हणाला. "तुमचा विषयच निघाला नाही."